अर्ध्या किमतीची मोटार, पूर्ण किमतीचे सुटे भाग

वाचकांचे प्रश्न : वाहन सल्ला

जुन्या महागड्या मोटारी घेण्याविषयी जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांपैकी काहींची उत्तरे या अंकात देत आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे त्यांच्या विनंतीवरून छापलेली नाहीत.

प्रश्न : मी केळी उत्पादक आहे. २०१६ साली नोंदणी झालेली आणि ७८ हजार किलोमीटर चाललेली बीएमडब्ल्यू ३२०डी मला साडेतेरा लाखांत मिळत आहे. तेवढ्याच पैशांत नवी मध्यम आकाराची एसयूव्ही येते. घरच्यांचे म्हणणे असे की मोठ्या कंपनीची गाडी वर्षानुवर्षे काही मागत नाही. हे खरे मानावे का? (एक वाचक, रावेर)

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या घरच्यांचे म्हणणे गाडीच्या पहिल्या चार-पाच वर्षांपुरते बरेचसे खरे आहे. आपण मात्र ती त्यानंतरच्या वर्षांसाठी घेत आहात. ही गाडी नवी असताना चाळीस लाखांच्या घरातील होती. आज तिची किंमत साडेतेरा लाखांवर आली आहे, परंतु तिचा हेडलाइट, ब्रेक डिस्क, इंजेक्टर किंवा गिअरबॉक्स यांची किंमत चाळीस लाखांच्या गाडीचीच राहिली आहे. जुन्या महागड्या गाडीचा सगळा हिशोब या एका गोष्टीवर उभा राहतो आणि विक्रेत्याशी बोलताना नेमकी हीच गोष्ट चर्चेत येत नाही.

आता या गाडीविषयी. २०१५-१६ च्या सुमारास ३२०डीचे इंजिन बदलले. आधीच्या इंजिनाचा सांकेतिक क्रमांक एन४७ आणि नंतरच्याचा बी४७ असा आहे. २०१६ साली नोंदणी झालेली गाडी २०१५ मध्ये तयार झालेली असू शकते, म्हणून नोंदणीच्या तारखेवर न जाता चासी नंबरावरून उत्पादनाचा महिना आणि इंजिनाचा प्रकार पाहून घ्यावा. दोन्ही इंजिनांत टायमिंग चेन (इंजिनाच्या झडपा ठरलेल्या वेळी उघडणारी-मिटणारी साखळी) मागच्या बाजूला, म्हणजे गिअरबॉक्सकडे असते. त्यामुळे चेनचे काम निघाले तर गिअरबॉक्स किंवा अख्खे इंजिन खाली उतरवावे लागते आणि भागांपेक्षा मजुरीच जड होते. चेन झिजण्याच्या तक्रारी प्रामुख्याने एन४७ च्या सुरुवातीच्या, साधारण २०११ पर्यंतच्या इंजिनांबाबत जगभर नोंदल्या गेल्या. आपण पाहत असलेली गाडी त्या काळातील नाही. तरीही गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर सकाळी आपल्यासमोर पहिल्यांदा सुरू करायला सांगावे आणि इंजिनाच्या मागच्या भागातून खरखर येते का, हे कान देऊन ऐकावे. आपण पोहोचण्याआधीच बॉनेट गरम झालेले आढळले तर त्या दिवशी परत फिरावे आणि दुसऱ्या दिवशी न कळवता जावे.

चेनपेक्षाही मला आपल्या भागात काळजी वाटते ती रबराची आणि प्लास्टिकची. मे महिन्यात रावेर-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. कूलंटची टाकी, तिच्याकडे जाणारे पाइप, इंजिनाचे माउंटिंग आणि सस्पेन्शनचे बुश हे भाग गाडी चालली नाही तरी उष्णतेने आणि वयाने कडक होतात व तडकतात, त्यामुळे ‘कमी चालली आहे’ या वाक्याने त्यांचे वय कमी होत नाही. कूलंटची पातळी उतरत असेल आणि मालक ‘मधूनमधून पाणी टाकतो’ असे सहज सांगत असेल, तर ती गाडी घेऊ नये. गरम झालेल्या इंजिनाचे हेड वाकले, तर येणारा खर्च गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा खाऊन टाकतो.

दुसरी बाब टायरची. या कंपनीच्या बऱ्याच गाड्यांत रनफ्लॅट टायर असतात आणि स्टेपनी नसते. पंक्चर झाल्यावर असा टायर ताशी ८० किलोमीटरच्या मर्यादेत साधारण ८० किलोमीटर जातो, म्हणजे रावेरहून जळगाव गाठता येईल. परंतु जळगावात त्या मापाचा टायर त्या दिवशी मिळेलच असे नाही. या टायरच्या बाजू कडक असल्याने खड्ड्याचा आघात थेट रिमवर जातो आणि रिम वाकण्याचे प्रकार वाढतात.

वर्षाला १२ हजार किलोमीटर धरून मी हिशोब मांडतो. हा माझा अंदाज आहे, आपल्या वापरानुसार तो बदलेल. लिटरला १४ किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरले तर इंधनाचे सुमारे ७७ हजार, विम्याचे ३५ हजार, तीन वर्षांनी लागणाऱ्या टायरच्या संचाचा वार्षिक वाटा ३० हजार, नियमित सर्व्हिसिंगचे ३५ हजार आणि अचानक निघणाऱ्या कामासाठी बाजूला ठेवायचे किमान ६० हजार, अशी बेरीज २ लाख ३७ हजारांवर, म्हणजे किलोमीटरला जवळपास २० रुपयांवर जाते. गाडीची आणखी उतरणारी किंमत यात धरलेली नाही. शिवाय साडेतेरा लाखांच्या वर दोन लाख रुपये पहिल्या वर्षासाठी स्वतंत्र ठेवता येत नसतील, तर हा सौदा आपल्याला परवडत नाही असेच समजावे.

किमतीविषयी एक मुद्दा. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींवरील जीएसटी ४० टक्के झाला. पूर्वी उपकर धरून तो ५० टक्क्यांपर्यंत जात होता. नव्या गाड्यांचे भाव त्यामुळे उतरले. विक्रेता त्याआधीच्या नव्या भावावरून घसारा मोजून आपल्याला किंमत सांगत असेल तर घासाघीस करायला आपल्याला पुरेशी जागा आहे.

आपण पत्रात लिहिले आहे की रोज बागेपर्यंत जावे लागते. केळीच्या बागेकडे जाणारा काळ्या मातीचा रस्ता पावसाळ्यात कसा होतो, हे मी आपल्याला सांगायला नको. कमी उंचीची, मागच्या चाकांवर चालणारी ही सेडान त्या रस्त्यासाठी बांधलेलीच नाही. ही घरातील एकमेव गाडी असणार असेल तर नवी एसयूव्ही घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. बागेसाठी दुसरे वाहन असेल, अधिकृत वर्कशॉपमधील संपूर्ण सर्व्हिस नोंदी मिळत असतील आणि त्यात दर वर्षी तेल बदललेले दिसत असेल, तर ३२०डी चालवण्याचा आनंद वेगळाच आहे आणि त्यासाठी किलोमीटरला २० रुपये मोजणे मी चूक मानणार नाही.

प्रश्न : दिल्ली पासिंगची २०१६ ची मर्सिडीज ई-क्लास डिझेल मला येथील भावापेक्षा चार लाखांनी स्वस्त मिळते आहे. एजंट म्हणतो की एमएच-१८ नंबर करून देण्याची जबाबदारी त्याची. यात धोका आहे का? (एक व्यापारी, धुळे)

उत्तर : दिल्ली परिसरात दहा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्या चालवण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये मनाई केली आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अंमलात आणण्यास सांगितले. तेव्हापासून तेथील मालक गाडी दहा वर्षांच्या जवळ आली की बाहेरच्या राज्यात विकू लागले. स्वस्ताईचे कारण असे उघड आहे, त्यामुळे केवळ स्वस्त आहे म्हणून गाडीवर संशय घेण्याची गरज नाही. हिशोब मात्र पूर्ण मांडावा.

गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे तेथील नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म २८, लागते. मालकी बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, आणि गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ लागतो. खरा खर्च आहे तो राज्याच्या एकरकमी कराचा. महाराष्ट्रात खाजगी डिझेल मोटारीला हा कर किमतीनुसार १३ ते १५ टक्के आहे आणि बाहेरून आलेल्या गाडीला तो मूळ किमतीवर, वयानुसार घट धरून आकारला जातो. आपण मोजणार आहात त्या किमतीवर तो लागत नाही, हे ध्यानात घ्यावे. मूळ किंमत मोठी असल्यामुळे चार लाखांची बचत येथेच बरीच आटते. धुळ्याच्या आरटीओ कार्यालयात गाडीची कागदपत्रे दाखवून कराचा नेमका आकडा आधी काढून घ्यावा आणि मगच इसार द्यावा.

एजंटच्या तोंडी जबाबदारीवर संपूर्ण रक्कम देऊ नये. परिवहन विभागाच्या ‘वाहन’ प्रणालीवर गाडीचा क्रमांक टाकला की कितवा मालक, बोजा, विम्याची मुदत हे दिसते आणि थकलेली ई-चलनेही तपासता येतात. ना हरकत प्रमाणपत्र हाती येईपर्यंत किमतीचा ठळक भाग राखून ठेवावा.

यांत्रिक बाजूने सांगायचे तर या गाडीच्या २.१ लिटर डिझेल इंजिनात सुरुवातीच्या, २००९ ते २०११ च्या काळात इंजेक्टरच्या तक्रारी होत्या. २०१६ च्या गाडीला ती शंका लागू नाही. माझी शंका वेगळी आहे. दिल्लीच्या कोंडीत गाडी तासन् तास एकाच जागी चालू राहते, मीटर हलत नाही आणि इंजिन, एसी व गिअरबॉक्स मात्र झिजत असतात. ६० हजार किलोमीटरची दिल्लीची गाडी आणि मुंबई-आग्रा महामार्गावर धावलेली ६० हजारांची धुळ्याची गाडी यांत मी डोळे झाकून दुसरी निवडेन. सर्व्हिस नोंदींत दोन भेटींमधील अंतर आणि काळ यांचा मेळ घातला की शहरात अडकलेली गाडी ओळखू येते.

प्रश्न : पेट्रोल स्कोडा सुपर्ब १.८ टीएसआय, २०१३, आणि त्याच सुमाराची पेट्रोल ऑडी ए४ अशा दोन गाड्या पसंत पडल्या आहेत. दोन्ही ऑटोमॅटिक आहेत. कोणती कमी त्रास देईल? (एक सुवर्ण कारागीर, जळगाव)

उत्तर : दोन्हींच्या इंजिनांचे घराणे एकच आहे आणि त्या काळातील या इंजिनांचा ज्ञात दोष म्हणजे पिस्टन रिंगच्या रचनेमुळे होणारी तेलाची खपत. म्हणून मालकाला एकच प्रश्न विचारावा की दोन सर्व्हिसिंगच्या मधे तेल किती घालावे लागते. तो ‘घालावेच लागत नाही’ म्हणाला तर सर्व्हिसिंग होऊन बरेच दिवस झालेल्या गाडीची तेलाची पातळी स्वतः पाहावी.

गिअरबॉक्सकडे मात्र वेगळे लक्ष द्यावे लागते. सुपर्बच्या या पेट्रोल आवृत्तीत सात गिअरचा, कोरड्या क्लचचा डीएसजी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे. त्याचे क्लच तेलात बुडालेले नसल्याने सावकाश चालणाऱ्या वाहतुकीत ते तापतात, आणि गिअर बदलण्याचे नियंत्रण करणारा मेकॅट्रॉनिक नावाचा भाग बिघडला तर तो सहसा संपूर्ण बदलावा लागतो. याच सुपर्बच्या २.० लिटर डिझेलमध्ये सहा गिअरचा, तेलात बुडालेल्या क्लचचा गिअरबॉक्स येतो आणि दर ६० हजार किलोमीटरला त्याचे तेल बदलले असेल तर तो बराच टिकाऊ ठरतो. डिझेल चालणार असेल तर माझी पसंती तिलाच.

पेट्रोलच घ्यायची असेल तर चाचणी दुपारी घ्यावी. सकाळच्या गारव्यात अर्धा किलोमीटर फिरून काही कळत नाही. तासभर शहरात हळूहळू चालवून, चढावर थांबवून पुन्हा उचलावी, रिव्हर्स टाकून ब्रेक हलका सोडावा. धक्का बसला, गाडी थरथरली किंवा गिअरचे अक्षर लुकलुकले तर ती सोडून द्यावी. शक्य असल्यास चाळीसगावच्या पुढे कन्नडचा घाट एकदा चढवून आणावी, कारण तेथे टर्बो, कूलंट आणि गिअरबॉक्स या तिघांची परीक्षा एकदमच होते.

आणखी एक गोष्ट दोन्ही गाड्यांना लागू आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते, आणि २०१३ च्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या नाहीत. इंधनाच्या झाकणामागे व माहितीपुस्तिकेत इथेनॉलची कमाल मर्यादा दिलेली असते, ती वाचावी. आणि इंधनाच्या रबरी नळ्या व पंप तपासून घेण्याचा खर्च किमतीत धरावा.

प्रश्न : मीटर मागे केलेले आहे हे सामान्य माणसाला कसे कळेल? (एक डॉक्टर, शहादा)

उत्तर : टायरपासून सुरुवात करावी. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. पहिले दोन उत्पादनाचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २०१८ ची गाडी २५ हजार चालली असे मीटर म्हणते आणि चारही टायर २०२२ चे आहेत, तर पहिला संच २५ हजारांच्या आतच का झिजला, याचे पटणारे उत्तर मालकाकडे असायला हवे. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यातही उत्पादनाचे वर्ष असते. एखादीच काच नंतरच्या वर्षाची निघाली तर त्या बाजूला काय झाले होते हे विचारावे. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, कारण पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा गाळ तेथे हमखास राहतो. ऑगस्ट २०१९ च्या कोल्हापूर-सांगलीच्या महापुरात बुडालेल्या मोटारींची संख्या मोठी होती आणि अशा गाड्या साफसफाई होऊन दूरच्या जिल्ह्यांत विकायला येतात.

महागड्या गाड्यांत किलोमीटरची नोंद मीटरखेरीज इतर नियंत्रण यंत्रांतही राहते, आणि बीएमडब्ल्यूच्या किल्लीतसुद्धा ती साठवलेली असते. मीटर फिरवणारा माणूस सगळ्याच जागा बदलतो असे नाही. म्हणून त्या कंपनीचे स्कॅनर असलेल्या जागी गाडी नेऊन, फी भरून, सगळ्या नोंदींची छापील प्रत घ्यावी. मालक याला तयार नसेल तर पुढे बोलू नये.

प्रश्न : जुनी फॉर्च्युनर इतकी महाग का? तिच्या पैशांत जर्मन गाडी येते. (एक वाचक, पाचोरा)

उत्तर : कारण ती शिडीसारख्या भक्कम चौकटीवर बांधलेली आहे, तिचे काम जाणणारे मेकॅनिक तालुक्याच्या गावीही सापडतात आणि विकायला काढली की गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. घेताना एवढे पाहावे की जुन्या ३.० लिटर इंजिनात टायमिंग बेल्ट आहे आणि तो ठरलेल्या अंतराला बदलल्याची पावती हवी. २०१६ च्या अखेरीस आलेल्या २.८ लिटर इंजिनात चेन आहे.

प्रश्न : सात वर्षांच्या गाडीचा बंपर आणि समोरची काच फुटली. पूर्ण विमा असूनही बंपरचे निम्मेच पैसे मिळाले. ही फसवणूक आहे का? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : फसवणूक नाही. सर्वसमावेशक पॉलिसीत प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी आणि एअरबॅग यांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के घसारा कापला जातो. काचेवर काही कापत नाहीत. धातूच्या भागांवर पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के आणि त्यापुढे ५० टक्के कापतात. हा घसारा न कापण्याची जोडपॉलिसी बऱ्याच कंपन्या पाच वर्षांपर्यंतच देतात, आणि महागड्या गाडीत ही कपात किती जड जाते हे आपण अनुभवलेच आहे. गाडी दुसऱ्याकडून घेतलेली असेल तर पॉलिसी १४ दिवसांत नावावर करून घ्यावी लागते. आधीच्या मालकाचा ‘नो क्लेम बोनस’ (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत) गाडीबरोबर येत नाही, तो त्या माणसाचाच राहतो.

प्रश्न : अधिकृत वर्कशॉप नाशिकला आहे. प्रत्येक कामासाठी तेथे जायचे की गावातील मेकॅनिककडे द्यायचे? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : दोन्हीही करावे, पण कामे वाटून. ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे बुश, इंजिन तेल, फिल्टर, एसीची गळती ही कामे चांगला मेकॅनिक गावातच नीट करतो, मात्र भाग मूळ कंपनीचा किंवा त्या कंपनीला पुरवठा करणाऱ्याचा असावा आणि बिल घेतलेले असावे. बॅटरीचे काम साधे वाटते, पण अनेक जर्मन गाड्यांत नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागते. मी स्वतः एका गॅरेजमध्ये ती नोंद न करता बॅटरी बदलून घेतली होती. गाडी जुन्या बॅटरीसारखे चार्जिंग करत राहिली आणि दीड वर्षात दुसरी बॅटरी घ्यावी लागली.

२०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाडीत काजळी अडवणारा फिल्टर असतो. गावातल्या गावात चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्यांत तो स्वतःला स्वच्छ करू शकत नाही. त्याला अधूनमधून महामार्गावर अर्धा तास सलग धावणे लागते. नाशिकची वर्षातून एखादी फेरी त्याला पुरणार नाही, म्हणून दर आठवड्याला धुळ्यापर्यंत तरी नेऊन आणावी. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल मात्र नाशिकलाच बदलावे, कारण ते ठरावीक तापमानाला, गाडी सपाट उचलून मोजायचे असते. आणि गाडी बंद पडून न्यायची वेळ आली तर दोरी बांधून ओढू देऊ नये. चारही चाके वर घेणारी सपाट गाडीच मागवावी, तिचा दूरध्वनी क्रमांक आजच विचारून लिहून ठेवावा.